भावाच्या बिल्ल्यावर

बी. डी. डी. चाळ, वरळी
रविवार, २४ एप्रिल १९६०

प्रिय लवू,

कोणी गेलेलं नाही, कोणी आजारी नाही आणि माझी नोकरी शाबूत आहे. हे आधी लिहितो, कारण तुझी खोड मला माहीत आहे. माझ्या अक्षरातलं पाकीट आलं की तू शेवटची ओळ आधी वाचतोस. आई गेल्याचं कळवलं तेव्हा तू तसंच वाचलंस आणि वरची दोन पानं न वाचताच राहिली, हे तुझ्या चंपानेच मला सांगितलं. या वेळी क्रमाने वाच. शेवट वाईट नाही, पण तो शेवटीच वाचायचा आहे.

इथे पुढच्या रविवारी नवं राज्य येणार म्हणून चाळीत धांदल आहे. जिन्याला चुना लागला. नळाजवळची मोरी घासून काढली. गच्चीवरून पताका सोडल्यात, त्या वाऱ्याने आत्तापासूनच फाटायला लागल्या आहेत. तुझी वहिनी म्हणते, राज्य दर महिन्याला आलं तर चाळ स्वच्छ राहील. तुमच्याकडे कोयनेवर धरणाच्या कामाला त्या दिवशी सुट्टी आहे का? असली तर त्याला जोडून आणखी चार दिवस मागून घे. का ते पुढे येईल.

मी एक गोष्ट तीन वर्षं तुझ्यापासून लपवली. तुझे पलटणीतले कागद दुरुस्त करायला दिले होते. तुझे म्हणजे माझ्या नावाचे. माजी सैनिकांची जी कचेरी आहे तिथे अर्ज केला, मग अर्जामागून अर्ज केले, आणि गेल्या मंगळवारी उत्तर आलं. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास. जे मिळायचं ते मिळून गेलं दादा, असं म्हणून पाय पसरून विडी पेटवली असतीस. म्हणून विचारलं नाही.

कचेरीत मनमोहन विजयकर म्हणून कारकून आहेत. गिरगावातले, जुन्या पाठारे प्रभू घरातले. धोतर कडक इस्त्रीचं, बोलणं हळू. वडील आणि आजोबाही कारकूनच होते, असं सांगतात. दोन भावांचं कळलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, हे झालं कसं? दोन माणसं, एक नाव, आणि कोणाला पत्ता नाही? मी म्हणालो, साहेब, आम्ही गिरणीतली माणसं. त्यांना ते कळेना. मग मी त्यांना बदलीचं सगळं सांगितलं. मी लोअर परळला गिरणीच्या रिंग खात्यात, सूतकताईला होतो. मला बरं नसलं की माझा बिल्ला तू खिशात टाकायचास आणि माझ्या जागी उभा राहायचास. जॉबरला, म्हणजे मुकादमाला, साच्यापुढे माणूस हवा असे, कोणता माणूस ते त्याला नको असे. हजेरी माझ्या नावावर लागे. मी बरा झालो की गेटवर येऊन तुझ्याकडून बिल्ला घेई आणि तू घरी जाऊन झोपायचास. चाळीत सगळे हेच करत. यात खोटं काही आहे असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

विजयकर म्हणाले, "म्हणजे तुम्ही लढाईला बदली पाठवलात?"

मी म्हणालो, "होय साहेब. दोन दिवसांसाठी."

ते हसले नाहीत. चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "अहो कासारे, पंचवीस वर्षं या खुर्चीवर बसलोय, पण असं काही आलं नव्हतं."

तुला तो दिवस आठवत असेल. सन त्रेचाळीस. भरतीच्या मेजासमोर मी उभा राहिलो होतो. माझी उंची घेतली, छाती मोजली, डाव्या गालावरचा तीळ लिहून घेतला, डाव्या हाताचा अंगठा उठवला. आठ दिवसांनी हजर व्हायचं होतं. त्या सकाळी मला ताप होता. आईने कपाळाला हात लावला आणि तुझ्याकडे बघितलं. आपल्या घरात ते ठरलेलंच होतं. दादा आजारी तर लवू जाणार. माझा कागद तू सदऱ्याच्या खिशात घातलास, बिल्ला घालायचास तसा. तिळाचं काय करायचं हे मात्र कोणाला सुचेना. मग आईने काजळाच्या डबीत करंगळी बुडवली आणि तुझ्या गालावर ठिपका दिला, लहानपणी तीट लावायची तसा. "आज दिसला म्हणजे झालं," ती म्हणाली. "उद्या दादा येतोच." तू एकोणीस वर्षांचा होतास. गालावर तीट लावून घेताना तू डोळे मिटलेस.

पलटणीला गिरणीसारखा गेट नसतो हे आपल्याला माहीत नव्हतं. पाळी सुटत नाही, बिल्ला परत मिळत नाही. मी चौथ्या दिवशी गेलो तेव्हा तुमची गाडी निघून गेली होती. तू तीन वर्षं सात महिन्यांनी आलास. उजव्या पोटरीत गोळीचा व्रण, डावा कान गेलेला. दारात उभा राहून म्हणालास, "दादा, पाळी जरा लांबली." आई हसत होती आणि रडत होती. मी तुझ्या हातातली ट्रंक घेतली, पण तुझ्याकडे बघायचं टाळलं. बिछाना कुठे घालायचा ते बघतोय असं दाखवलं.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण आपण ते कधी बोललो नाही. सैन्यातून सुटलेल्यांना नोकऱ्या देत होते. तुझ्यासाठी फोर्टातल्या सरकारी कचेरीत शिपायाची जागा निघाली. पत्र गंगाधर बुधाजी कासारे या नावाने आलं. मी तेव्हा घरी बसलो होतो. कापसाच्या धुळीने छाती भरली होती, पदरात दोन पोरं होती. तू पत्र माझ्यापुढे टाकलंस. "नाव तुझं, कागद तुझा, तूच जा. मी काय तुझ्या नावाने म्हातारा होऊ?" हसत म्हणालास. मी दुसऱ्या दिवशी खाकी कपडे शिवायला टाकले. तुझी तीन वर्षं सात महिने माझ्या नोकरीत धरली गेली. तू गोदीवर गेलास, मग नाशिकला, मग कोयनेला. जिथे गेलास तिथे नवा बिगारी म्हणून लागलास. चाळीत कोणी काही बोललं नाही. प्रत्येकाच्या खिशात कधी ना कधी दुसऱ्याचा बिल्ला होताच.

तू मला म्हणायचास, दादा, तुझं बरं आहे, साहेबाच्या दाराबाहेर स्टूल आहे. खरं होतं ते. पण त्या स्टुलावर मी काय करत होतो ते ऐक. दर वर्षी डिसेंबरात झेंडादिन आला की साहेब पहिला झेंडा माझ्या छातीवर टोचायचे. "आमचे बर्मावाले," असं पाहुण्यांना सांगायचे. मग मला गोष्ट सांगावी लागायची. मला तुझीच एक माहीत होती. इरावतीच्या काठावर गोळीबार चालू असताना तू तीन जखमी माणसं एकेक करून पाठीवरून आणलीस, आणि तिसऱ्याला आणताना तुझ्या पायाला लागलं. तू ती मला एकदाच सांगितली होतीस, तीही विडी संपेपर्यंत. मी ती दहा वर्षं सांगितली. हळूहळू तिनाचे चार झाले. एका वर्षी एक म्हातारे सुभेदार पाहुणे आले होते. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "शिपाई, आणताना पाणी तुमच्या उजव्या अंगाला होतं की डाव्या?" मी म्हणालो, दोन्ही. सगळे हसले. सुभेदारही हसले, पण जाताना त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. त्या दिवसापासून मला स्टुलावर नीट बसता आलं नाही.

आणखी एक. पदकं कधी आली नाहीत असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं आहे. एकोणपन्नास साली छापील कागद आला होता. बर्माचा तारा, आणखी दोन पदकं, आणि त्या इरावतीच्या कामाचं प्रशस्तिपत्र. सही करून पाठवा, पदकं पाठवतो. मी तो कागद तीन दिवस ट्रंकेत ठेवला. सही केली तर पदकं माझ्या नावाने माझ्या घरात येणार. तुला द्यायची तर तुझ्यासमोर उभं राहून द्यावी लागणार. मी कागदावर "नकोत" असं लिहिलं, खाली सही केली आणि टपालात टाकला. विजयकरांनी तुझी फाइल मागवली तेव्हा तो कागद त्यात होता. त्यांनी माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "शिपायाने स्वतःच पदकं नाकारली असं इथे दिसतंय. का नाकारली?" मला माझंच अक्षर ओळखू आलं नाही.

अर्ज करायचं मनात कधी आलं तेही सांगतो. छप्पन्नच्या जानेवारीत या राज्यासाठी निघालेल्या मोर्च्यांवर इथे गोळीबार झाला तेव्हा तू कोयनेवर होतास. आपल्या पुढच्या चाळीतले बाबुराव आणि बंडू, ते मालवणकडचे दोघे भाऊ, तुला आठवतात. बंडू भावाच्या पासावर गिरणीत जायचा. त्या सकाळी तो लालबागच्या बाजूला गेला आणि परत आला नाही. खिशात बाबुरावाचा पास होता. इस्पितळाच्या यादीत बाबुरावाचं नाव लागलं. बाबुराव दोन दिवस बंडूला शोधत फिरत होता आणि तिसऱ्या दिवशी यादीपुढे उभा राहून त्याने आपलंच नाव वाचलं. मी त्याच्या शेजारी होतो. तो ओरडला नाही. नावावर बोट ठेवून म्हणाला, "हा मी नाय. हा आमचो बंडू." तीन तीन वेळा म्हणाला. तिथल्या माणसाने मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. त्या रात्री मी विचार करत होतो, तू कोयनेच्या दगडाखाली गेलास तर तिथे बिगारी लवू कासारे गेला एवढंच लिहितील. इरावतीवरून तीन माणसं ज्याने आणली तो इथे वरळीत स्टुलावर बसून पेन्शनीची वाट बघत राहील. मी मेलो की तोही मरेल.

आणि तरीही मी काही केलं नाही. जवळजवळ वर्षभर.

मग डिसेंबर आला. दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांना निरोप दिला, त्या गर्दीत मी आणि तुझी वहिनी जाई होतो. तिथेच हजारोंनी दीक्षा घेतली, आम्हीही घेतली. पाच शीलं एकामागून एक म्हणायची होती. सगळे म्हणत होते, मीही म्हणत होतो. चौथ्याला माझा आवाज गेला. खोटं बोलणार नाही, एवढंच त्यात आहे. ओठ हलवले, पण आवाज काही निघाला नाही. जाईने बघितलं. जिना चढताना म्हणाली, "चौथं घेतलं नाही तुम्ही."

मी तिला सगळं सांगितलं. तिला बरंच माहीत होतं, पदकांचं नव्हतं. मी म्हणालो, खरं सांगितलं तर नोकरी जाईल. खटलाही होईल. ती तांदूळ निवडत होती. खडे वेगळे करत म्हणाली, "झेंडादिनाला तुम्ही घरी येता ना, त्या दिवशी तुम्ही जेवत नाही. इतकी वर्षं बघतेय. नोकरी गेली तर मी खानावळ घालीन. जा. पण सदरा धुतलेला घालून जा, नाहीतर वाटेल पैसे मागायला आलात."

विजयकरांना आधी वाटलं मी पदकं मागायला आलोय. लगेच फॉर्म काढला त्यांनी. नाव बरोबर, बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, अंगठा लावून बघितला तर भरतीच्या कागदावरचा तंतोतंत. "सही करा," म्हणाले, "नाकारल्याचं मी बघतो. महिन्याभरात घरपोच येतील." त्यांना आनंद झाला होता रे. त्यांच्याकडे येणाऱ्यांचे कागद हरवलेले असतात, नावं चुकलेली असतात, गाव भलतंच असतं. इथे सगळं जुळत होतं. मी म्हणालो, साहेब, हा मी नव्हे. ते म्हणाले, "अहो, तुम्हीच. हे बघा, गालावर तीळ." आणि त्यांनी माझ्या गालाकडे बोट दाखवलं.

सगळे कागद बरोबर, ही माझी अडचण. मी तो नव्हे हे मला सिद्ध करायचं होतं. मी विजार वर करून दोन्ही पोटऱ्या दाखवल्या. त्यांनी फाइल उलटली. तू सुटलास तेव्हाचं पान काढलं. तिथे ओळखीच्या खुणा लिहिल्यात: डाव्या गालावर तीळ, उजव्या पोटरीवर गोळीचा व्रण, डावा कान अधू. तीळ कोणीतरी जुन्या पानावरून उतरवून घेतला होता, तुझा गाल न बघता. मी ते पान खूप वेळ वाचलं. त्यात एकच माणूस आहे, लवू. त्याला तीळ माझा आहे आणि व्रण तुझा.

विजयकर उंचीवर अडले. भरतीला पाच फूट सात इंच, सुटताना पाच फूट पाच. "कासारे," ते म्हणाले, "लढाईत माणसाचा पाय जातो, हात जातो. दोन इंच जातात हे मी पहिल्यांदाच बघतोय." त्यानंतर ते माझ्या बाजूचे झाले. कसे ते मला सांगता येणार नाही. मला वाटतं, ते दोन इंच इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आले नाहीत, याचा त्यांना कारकून म्हणून राग आला.

डॉक्टरने मला तपासून लिहून दिलं की या माणसाला कधीही गोळी लागलेली नाही. त्या दाखल्याची नक्कल मी जपून ठेवली आहे. सुटतानाच्या कागदावरचा अंगठा माझ्याशी जुळला नाही. मग तुमच्या पलटणीतल्या माणसांना शोधलं. एक साताऱ्याला निघाला, एक महाडला. महाडच्याने जबाबात लिहिलं, आम्ही त्याला गंगाधर म्हणत होतो, पण पाठीमागून हाक मारली तर तो वळायचा नाही, आम्हाला वाटायचं कानाचा दोष. आणि तो जखमी व्हायच्या आधीपासूनच वळत नव्हता, असंही त्याने खाली लिहिलं. विजयकरांनी मला ते वाचून दाखवलं आणि आम्ही दोघे हसलो. पहिल्यांदाच.

आता नोकरीचं. मी आमच्या साहेबांपुढे स्वतः गेलो. कागद वर जाण्याआधी त्यांना माझ्या तोंडून कळावं असं वाटलं. उभं राहून सगळं सांगितलं. ते खिडकीकडे बघत होते. इरावतीचं आलं तेव्हा म्हणाले, "चार माणसं होती ना?" मी म्हणालो, तीन, साहेब. चौथा मी वाढवला. मला वाटलं आता घंटी वाजवतील. त्यांनी दोन महिने काही कळवलं नाही. ते दोन महिने जाईने माझ्या डब्यात रोज काहीतरी गोड घातलं, तिने मला कधीच एवढं लाडावलं नव्हतं. मग लेखी हुकूम आला. तेरा वर्षांची चाकरी स्वच्छ आहे म्हणून कामावरून काढत नाही. माजी सैनिक हा शेरा रद्द. तीन वर्षं सात महिने नोकरीतून वजा. माझ्या मागून लागलेले दोघे आता माझ्या पुढे गेले. मी हुकूम वाचला आणि मला इतकं हलकं वाटलं की स्टुलावर बसायचं विसरून मी जेवणाच्या सुट्टीपर्यंत उभाच होतो. वजा झाली ती वर्षं तुझी होती. माझ्याकडे ती नुसती अडकून पडली होती.

आणि मंगळवारचं पत्र. रेकॉर्डच्या वरिष्ठ कचेरीने मान्य केलं आहे की भरती झालेला इसम आणि सेवा केलेला इसम हे दोन आहेत. सेवा पूर्ण केली, वर्तन उत्तम, म्हणून दोघांवरही कारवाई नाही. नोंदीत गंगाधरवर लाल रेघ मारून लवू बुधाजी कासारे लिहायचं. नाकारल्याचा कागद रद्द करायचा. तीन पदकं आणि प्रशस्तिपत्र त्या नावाने द्यायचं. फक्त तू समक्ष हजर व्हायला हवंस. सोमवार, ९ मे, सकाळी अकरा. पोटरी दाखवायची, अंगठा द्यायचा, दोन शब्दांचा जबाब द्यायचा. विजयकरांनी तुझ्यासाठी तो दिवस राखून ठेवला आहे. त्याच आठवड्यात बुद्धजयंती आहे, तेव्हा चंपालाही आण, जाईने तांदूळ आत्ताच निवडून ठेवले आहेत. वर्दी वगैरे काही लागत नाही. मी विचारलं.

आता शेवट. जबाबात ते तुला एक प्रश्न विचारतील. भरती झालेला भाऊ त्या दिवशी का आला नाही? तू ताप म्हणशील. सतरा वर्षं तू तेच म्हणत आला आहेस, पलटणीत, चाळीत, आईसमोर. मीही पहिल्या अर्जात ताप लिहिला होता. मंगळवारी मी तो अर्ज परत मागितला आणि ती ओळ खोडली. विजयकर म्हणाले, "राहू द्या हो, एवढ्या जुन्या तापाचं कोण काय तपासणार?" मी म्हणालो, नको. लवू, मला ताप नव्हता. भरतीनंतर पाचव्या दिवशी बंदरावर जखमींची बोट लागली होती, ती बघायला मी गेलो होतो. एकाने माझ्याकडे विडी मागितली, त्याला ती धरायला हात नव्हते. मी ती त्याच्या ओठांत धरली आणि संपेपर्यंत उभा राहिलो. हजर व्हायच्या आदल्या रात्री मी अंग तापावं म्हणून काखेत कांदा धरून झोपलो, शाळेतली पोरं करतात तसं. तुमची गाडी तिसऱ्या दिवशी सुटणार हे मी विचारून घेतलं होतं, म्हणून चौथ्या दिवशी गेलो. आणि तू निघालास त्या सकाळी, आई काजळाची डबी शोधत होती तेव्हा, कांदा माझ्या घोंगडीतून घरंगळून बाहेर आला होता. तू तो उचललास, एकदा माझ्याकडे बघितलंस, आणि गुपचूप टोपलीत ठेवून दिलास. मग गाल पुढे करून आईसमोर बसलास. माझे डोळे मिटलेले होते, पण पुरते नाही. तुला माहीत होतं हे मला सतरा वर्षं माहीत आहे. म्हणून हे पत्र. नऊ तारखेला मी बाहेरच्या बाकावर बसलेला असेन. आत तुला विचारतील तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस. मी कांदा लिहिला आहे. विजयकरांनी तो वाचला, टाक शाईत बुडवला आणि म्हणाले, आमच्या वेळी गणिताच्या परीक्षेला हाच उपाय होता. मग खाली शिक्का मारला. तूही तेच सांग, म्हणजे आपले जबाब जुळतील.

तुझाच दादा,
गंगाधर